पडलेल्या धावपटूचा नियम

नाकानो, तोक्यो
१९ ऑगस्ट

ती. सौ. शिझुनोताईस,
योशिकीचा सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेले वांगं भरलेले ओयाकीचे उंडे गाडीतच फस्त केले, त्यामुळे घरी येऊन उपाशी झोपलो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुझ्या फोनवर आलेलं सगळं आधी तुझी लेक वाचते. हे वाकानाने वाचू नये.

परवा संध्याकाळी वाकाना आणि तिच्या धावण्याच्या संघातल्या मुलींना घेऊन मी माझा नवा खेळ खेळून पाहिला. तू बार्लीचा थंड चहा देता देता विचारलंस, चाळिशीचा घोडा फासे टाकून पोट कसं भरतो म्हणून. तर ऐक. प्रत्येकीने एक धावपटू व्हायचं, तिच्या तोंडून बोलायचं. टप्प्याटप्प्यांची शर्यत, खांद्यावरचा पट्टा एकीने दुसरीला द्यायचा. खेळांवरच्या मांगा चित्रकथांमध्ये कसं असतं, धावणारी कोसळायला येते आणि नेमकी तेव्हा पानंच्या पानं तिचं लहानपण दिसतं, आईशी झालेलं भांडण दिसतं, आपल्या डोळ्यांत पाणी येतं आणि ती उठते. तेच मी नियमात बसवलंय. धावपटू पडली की खेळणारीने तिची एक आठवण सांगायची. ऐकणाऱ्यांच्या काळजाला भिडली तर जादा फासे मिळतात आणि ती आधीपेक्षा जोरात पळते.

वाकानाची धावपटू पडली. ती म्हणाली, आधी आवाज लांब जातात, पाण्याखाली गेल्यासारखे. मग छातीत कुणी बंद खोलीतून दार बडवावं तसं होतं. मग एकदम तोंडात माती आणि वर आभाळ. उठल्यावर ती आधी बघते, कुणी पाहिलं तर नाही ना. मुली रडल्या. त्यांची कप्तान रिन्को तर टाळ्या वाजवत होती. मीही खूश, माझा नियम चालला म्हणून.

ताई, गाडीत बसल्यावर मात्र तिचं बोलणं पुन्हा आठवलं. तोंडातली माती कुणी मनाने रचत नाही. बाबा गेले तेव्हा डॉक्टर काय म्हणाले होते, ते तुलाही आठवत असणार.

तिला एकदा नीट विचार. भावोजींना नमस्कार. हे वाचून माझ्यावर रागावशील, तो राग दोन दिवसांत उतरू दे.

तुझा,
योशिकी


सुवा
२७ ऑगस्ट

चि. योशिकीस,
ताईचे अ. उ. आ.

दोन दिवसांत उतरला नाही. तुझं पत्र मी चुलीत घालणार होते, पण आमच्याकडे चूल नाही.

वाकानाला विचारलं. खो खो हसली. म्हणाली, मामा एवढा भित्रा असेल तर त्याने भुताखेतांचे खेळ लिहावेत. तरी शाळेचा दाखला हवाय असं सांगून तिला डॉक्टरांकडे नेलं. खाटेवर निजवून आलेख काढला, अगदी सरळ आला. डॉक्टर म्हणाले, घोड्याचं काळीज आहे पोरीचं. झालं तुझं समाधान?

माझं झालं नाही, हे तुलाच सांगते. ती तळ्याकाठी पळायला निघाली की मी भाजी आणायच्या निमित्ताने सायकल काढते. काल तिने मागे वळून पाहिलं आणि सगळ्यांदेखत ओरडली, आई, तुला लाज नाही का वाटत? न्हाणीघरातला पाण्याचा आवाज थांबला की मी हाक मारते. तिने ओ देईपर्यंत दारापासून हलत नाही. ही भीती तू माझ्या घरात आणून सोडलीस आणि स्वतः गाडीत बसून गेलास.

आजोबा बर्फ काढताना छपरावरून घसरले, एवढंच तिला ठाऊक आहे. पडायच्या आधीच त्यांचं हृदय थांबलं होतं, हे तिच्यापाशी काढायचं नाही. नोव्हेंबरात शर्यत आहे, दोन वर्षं ती त्याच एका दिवसासाठी जगतेय.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

ताई


नाकानो
५ सप्टेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

निजल्या जागी काढलेल्या आलेखात कदाचित हे दिसतच नसेल. इथे एका डॉक्टर मित्राला विचारलं, तो म्हणाला, पळवून बघायला हवं. पण तिने कबूल केल्याशिवाय मोठ्या इस्पितळात पाठवणार कोण? आणि शर्यतीसाठी ती तुझ्याशी खोटंच बोलेल. मीसुद्धा बोललो असतो.

म्हणून मी नियम बदललाय. आता पडलेली धावपटू आठवण सांगून उठत नाही. संघातल्या एकीने तिला एक प्रश्न विचारायचा आणि तिने खरं उत्तर द्यायचं. त्याबद्दल तिला काहीही मिळत नाही. पट्टा तिच्या खांद्यावर ठेवायचा की काढायचा, ते बाकीच्यांनी ठरवायचं. प्रकाशक म्हणाले, यात रसच उरला नाही, लोकांना ती उठलेली बघायची असते. म्हटलं, नको उरू दे. नवे नियम रिन्कोला पाठवलेत.

बाबांचं तू तिला सांग, ताई. हात जोडतो. ती तळ्याकाठच्या वाटेने रोज एकटी पळते.

योशिकी


सुवा
२२ सप्टेंबर

ती. मामास,
वाकानाचा नमस्कार. (शिरसाष्टांग वगैरे नाही, मी अजून रागावलेय.)

तुझा नवा खेळ आम्ही शाळेत खेळलो. माझी धावपटू पडली. प्रश्न विचारायची पाळी रिन्कोची. तिने माझ्या धावपटूला काही विचारलंच नाही. फासे बाजूला सारले आणि म्हणाली, वाकाना, तू कधी पडलीस? मी हसले. बाकी कुणीच हसलं नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, दोनदा, तळ्याकाठी, तिसऱ्या वेळी बाकाला धरून उभी राहिले.

रिन्को रडत रडत म्हणाली, तू या वर्षी पळणार नाहीस. मी तिला इतकं वाईट बोलले की इथे लिहिता येत नाही. ती ऐकून घेत राहिली, पण बधली नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. ती स्वयंपाकघरात खालीच बसली. मग तिने आजोबांचं सांगितलं. मामा, तुम्हा दोघांना माहीत होतं आणि मला नाही! दोन दिवस मी ठरवलं होतं, तुझं तोंडसुद्धा बघायचं नाही.

परवा मात्सुमोतोच्या इस्पितळात मला यंत्रावर पळवणार आहेत. मला खूप भीती वाटते. आईसमोर बोलत नाही, ती आधीच अर्धी झालीय. तुझ्या खेळात पडलं की सगळ्या आपल्याकडे बघत असतात. तळ्याकाठी डोळे उघडले तेव्हा एक बदक होतं फक्त.

पत्र लिही. फार शहाणपणाचं नको.

वाकाना


सुवा
१२ नोव्हेंबर

चि. योशिकीस, अ. उ. आ.

तपासणीचं फोनवर तुला तुटकच सांगितलं, आता नीट लिहिते. मी काचेबाहेर उभी होते. ती पळत होती, वेणी डावी-उजवीकडे हलत होती, चेहरा मजेत. आणि पडद्यावरची रेघ अचानक पिसाळली. कुणा लहान मुलाने पेन्सिल गिरवावी तशी. डॉक्टरांनी यंत्र थांबवलं, दोघी परिचारिका तिला धरायला धावल्या. ती विचारत होती, का थांबवलं, मला काहीच झालं नाही. तेव्हा मला बाबा दिसले रे. त्यांनाही शेवटपर्यंत काही होतंय असं वाटलं नसेल.

आता रोज गोळ्या. चालायचं, शर्यत कधीच नाही. दोन आठवडे ती संघातल्या कुणालाच भेटली नाही. परवाच्या शर्यतीला मात्र गेली. तिच्या टप्प्यावर दुसरीच मुलगी पळाली आणि संघ चौथा आला. वाकाना रस्त्याच्या कडेला अंगरखे नि टॉवेल सांभाळत उभी होती, ओरडून ओरडून घसा बसला. घरी आल्यावर उशीत तोंड खुपसून रडली. मी दार लावून घेतलं आणि बाहेर बसून राहिले. ती रडतेय हे ऐकू येत होतं, तेवढ्यावर मी निर्धास्त होते.

माझीही तपासणी झाली. माझ्यातही तेच आहे. गोळ्या सुरू केल्या.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, भाऊ आहे का, त्यालाही तपासायला हवं. तू तीन वेळा तपासणीची तारीख घेऊन मोडलीस. एकदा म्हणे खेळ छापायला जायचा होता, एकदा सर्दी. इस्पितळातून आमच्याकडे फोन आला तेव्हा कळलं. वाकानाही ऐकत होती. म्हणाली, मामा माझ्यासाठी घाबरला आणि स्वतःसाठी घाबरून लपून बसला.

तुला भीती वाटते, ती मला कळते. मीही त्या यंत्रावर चढताना परिचारिकेचा हात सोडत नव्हते. पण आता रोज सकाळी जाग आली की आधी वाकानाचा विचार येतो आणि लगेच तुझा. असं किती दिवस जगायचं मी?

गुरुवारच्या पहिल्या गाडीने आम्ही दोघी येतोय. तारीख वाकानाने परस्पर घेतलीय. तू आत पळशील, आम्ही बाहेर बसू. तोवर जिने भरभर चढू नकोस आणि माझ्यावर हवं तेवढं रागाव, पण दार उघड.

तुझी,
ताई