पेटीची पट्टी आणि तेवीस गेज

५ जानेवारी, रविवार
व्हीआरएस घेऊन आज छत्तीस दिवस. हाताला काम हवं होतं, ते आपण होऊन चालत आलं. म्हणजे रिक्षातून आलं, माझ्या मांडीवर. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मीराच्या अण्णांची, बाजाची पेटी नालासोपाऱ्याहून घरी माणिकपूरला आणली. खालच्या कडेची गोल लाकडी पट्टी एका बाजूने सुटली आहे. अण्णा म्हणत होते, कोपऱ्यावरच्या सुताराला देतो. मी म्हणालो, घरात माणूस असताना बाहेर कशाला? आठ दिवसांत देतो. अण्णा म्हणाले, "सावकाश करा सदानंदराव, घाई नाही."
'घाई नाही' हे त्यांचे शब्द आहेत. इथे नोंदवून ठेवतो.

७ जानेवारी, मंगळवार
अर्धवट काम मला आवडत नाही, म्हणून उरलेल्या तीन बाजूंची पट्टीही काढली. काढताना दोन ठिकाणी मोडली. जुनं लाकूड. मीरा म्हणाली, आली तेव्हा एका बाजूनेच बिघडली होती ना?
बायकांना प्रोसेस समजत नाही.
नवी सागवानी पट्टी आणली.

११ जानेवारी, शनिवार
हातोडी आणि चुका, म्हणजे बारीक खिळे. पहिल्या पट्टीला चीर. दुसरीलाही. तिसरी वाचली, अंगठा नाही वाचला. दोष माझा नाही, पद्धतीचा आहे. पाच मिलिमीटरच्या पट्टीत चूक ठोकणं म्हणजे अत्याचार.
दुपारभर यूट्यूब. उत्तर सापडलं. पिन नेलर! हवेवर चालतो. पिन घोड्याच्या केसाइतकी, तिला डोकंच नाही. फट् आवाज, पिन आत, भोक शोधून सापडत नाही.
निश्चय: पिन नेलर आल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. नाहीतर पेटीवरच अन्याय.

१९ जानेवारी, रविवार
आठ दिवसांचे चौदा झाले. पण अभ्यास खोलवर चालू आहे. एक्सेल शीट केली. अठरा गेज की तेवीस गेज? गेजचा आकडा मोठा तितकी पिन बारीक. अठराची पकड चांगली, पण भोक दिसतं. तेवीसचं दिसत नाही, पण पकड कमी. एकाची सेफ्टी चांगली, दुसऱ्याचं नाक बारीक. एकात पिना संपल्या की तो आपोआप थांबतो, दुसरा रिकामाच फटफटत राहतो. शीटमध्ये अकरा मॉडेल, चौदा कॉलम.
अण्णांचा फोन. पेटीचं कसं चाललंय? मी म्हणालो, अभ्यास चालू आहे. त्यांना वाटलं मी पेटी वाजवायला शिकतोय. एवढे खूश झाले की म्हणाले, "मग राहू द्या तुमच्याकडेच थोडे दिवस. आधी सा घट्ट धरा."
मी खुलासा केला नाही. करायला हवा होता. पुढच्या फोनला करतो.

२ फेब्रुवारी, रविवार
मीरा माहेरी जाऊन आली. अण्णांच्या बिल्डिंगमध्ये दर गुरुवारी भजन असतं. गेले चार गुरुवार ते झांज घेऊन बसतात म्हणे. आणि चहा पिताना त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर चालतात. डावा हात भाता मारल्यासारखा हलतो, आवाज काहीच नाही. मीराने हे भाजी चिरता चिरता सांगितलं, माझ्याकडे न बघता.
मी म्हणालो, बोटांना व्यायाम चांगला.
बोलून गेलो खरं. तिसरी पोळी खाल्ली, पण चव लागली नाही.
उद्या मॉडेल फायनल. काहीही झालं तरी.

१० फेब्रुवारी, सोमवार
फायनल करण्याआधी प्रत्यक्ष बघितलेलं बरं, म्हणून सातिवलीला गेलो. तिथे एका गाळ्यात फोटो फ्रेमचं युनिट आहे, क्षितिजा नावाची मुलगी चालवते. मुलगी म्हणजे चाळिशीची असेल. तिच्या हातात पिन नेलर पाहिला आणि डोळे निवले. फट्, फट्, फट्. एक फ्रेम अर्ध्या मिनिटात.
मी एक्सेल शीटचा प्रिंट दाखवला. तिने तो नीट वाचला, हे तिच्या सभ्यतेचं लक्षण. मग विचारलं, "काका, एकूण काम किती आहे?" मी म्हणालो, एक पट्टी. म्हणजे चार बाजू. तिने प्रिंट घडी घालून परत दिला. म्हणाली, "गोंद लावा, चिकटपट्टीने बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी सोडा. गोंद वाळेपर्यंत पिन नुसतं बोट धरायला असते, काका. चिकटवतो तो गोंद."
व्यावसायिक लोक गुपितं सांगत नाहीत, हे मी जाणून आहे.
पिनेच्या लांबीबद्दलही काहीतरी सांगत होती. मागे काय आहे ते बघून घ्या, असं काहीसं. तेव्हा मी तिचा कॉम्प्रेसर बघत होतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार
आला! तेवीस गेज. हातात काय बसतो. आरशासमोर धरून पाहिला.
चालत नाही. हवा लागते. हवेला कॉम्प्रेसर लागतो. हे मला माहीत होतं, फक्त क्रम चुकला.
मीरा म्हणाली, अण्णा रामनवमीला त्यांच्या सोसायटीत वाजवणार आहेत, दरवर्षी वाजवतात. म्हटलं, गुढीपाडव्याला पेटी तयार. तिने कॅलेंडरवर गोल केला. पेनने.

८ मार्च, शनिवार
कॉम्प्रेसर निवडायला दोन आठवडे गेले. ऑइल-फ्री घेतला. जाहिरातीत 'शांत' लिहिलं होतं.

९ मार्च, रविवार
शांत नाही. सुरू करताच खालच्या मजल्यावरचा फ्लॉईड वर आला. त्याच्या बायकोला, क्लाराला, वाटलं गच्चीवर बोअरिंग चालू आहे. ते दोघं नुकतेच चर्चमधून येऊन पडले होते. मी सॉरी म्हणालो आणि पिन नेलर दाखवला. फ्लॉईडने तो हातात घेऊन उलटसुलट केला. म्हणाला, "मस्त आहे. कपाट बनवतोस?" मी म्हणालो, पट्टी. तो म्हणाला, "अच्छा," आणि जिना उतरला. 'अच्छा' या शब्दात इतकं काही असू शकतं, मला कल्पना नव्हती.
निश्चय: कॉम्प्रेसर फक्त अकरा ते बारा.

१९ मार्च, बुधवार
सराव. सरावाशिवाय अण्णांच्या वस्तूला हात लावणार नाही, एवढी जबाबदारी मला कळते. प्लायचे तुकडे झाले. खोके झाले. देव्हाऱ्याची मागची फळी झाली. मीराच्या पोळपाटाचा पाय हलत होता, तो पक्का केला. पोळपाट आता तिरका बसतो, पण हलत नाही.
पंधरा मिलिमीटरच्या सगळ्या पिना संपल्या. मजा आली. मजा आली हे लिहिताना लाज वाटते आहे. पेटी गॅलरीत चादरीखाली. तिच्याकडे पाठ करून सराव करतो.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा
झालं! अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू, अकरा चाळीसला चारही बाजूंना पट्टी. दुकानं बंद होती म्हणून तीस मिलिमीटरच्या पिना वापरल्या. लांब तितकी घट्ट. गोंदाची गरजच पडली नाही. भोकं? भिंग घेऊन पाहिलं. एकही दिसत नाही. मीरासुद्धा म्हणाली, छान झालंय.
तीन महिन्यांत पहिल्यांदा श्रीखंड मनापासून खाल्लं.

३१ मार्च, सोमवार
सहज भाता मारून एक सूर धरून पाहिला. आवाज येतो. मग बसतो. खालून स्स्स् असं काहीतरी ऐकू येतं. बरेच दिवस वापरात नसल्याने भाता सुस्तावला असणार.
पट्टी पाच मिलिमीटर. पेटीची फळी आठ. एकूण तेरा. पिन तीस. उरलेले सतरा मिलिमीटर कुठे गेले, याचा मी विचार करत नाही.

१ एप्रिल, मंगळवार
विचार केला. पेटीच्या आत दुसरा भाता असतो. कातड्याचा. हे यूट्यूबवर आज कळलं.
मीराने विचारलं, "झाली ना नक्की? नेऊ ना उद्या?" मी म्हणालो, झाली. एक शब्द. खोटा नाही. पट्टी झाली आहे.

२ एप्रिल, बुधवार
पेटी पोचवली. अण्णांनी सदरा बदलला होता, कुणी पाहुणा यावा तसा. पट्टीवरून चारही बाजूंनी हात फिरवला. म्हणाले, "कुठे ठोकलंय ते कळतसुद्धा नाही. सदानंदराव, हातात कला आहे तुमच्या." मग विचारलं, तुमचा सा कुठवर आला? मी म्हणालो, मला स्टेशनला एक काम आहे.
काम नव्हतं. स्टेशनवर बाकावर बसून राहिलो.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी
मीरा गेली होती. मी डोकं दुखतंय म्हणून घरी. डोकं खरंच दुखत होतं, फक्त ती निघाल्यावर थांबलं.
परत आल्यावर तिने सांगितलं. पाळण्याच्या गाण्याला अण्णा चांगले सुरू झाले. मग डावा हात जोरजोरात चालू लागला. घामाघूम. दुसऱ्या कडव्यात सूर बसला. लोकांनी टाळ्या वाजवून पुढचं गाणं आपणच म्हटलं. अण्णा पेटी झाकून हसले आणि सुंठवडा वाटायला उठले.

८ एप्रिल, मंगळवार
आज फोन स्पीकरवर होता. अण्णा मीराला म्हणाले, "पेटी उत्तम आहे गं, जावयांनी जीव ओतलाय तिच्यात. माझ्याच हातात राहिलं नाही. दोन कडव्यांत दम लागतो. वय झालं, मान्य करायला हवं. कुणाला तरी शिकायला देऊन टाकीन म्हणतो."
मीरा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मी पिन नेलरला तेल दिलं. त्याला तेलाची गरज नव्हती. मला हात हलते ठेवायचे होते.

११ एप्रिल, शुक्रवार
तीन दिवस मसुदा करतोय. 'तांत्रिक अडचण.' 'हवामानामुळे.' 'उत्पादनातील त्रुटी.' नोकरीत बत्तीस वर्षं असली पत्रं लिहिली, सगळी साहेबांना चालली. यातलं एकही अण्णांना चालणार नाही. म्हणजे चालेल. ते लगेच मानतील. तीच पंचाईत आहे.
शेवटी मीराला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग?"

१२ एप्रिल, शनिवार
गेलो. चहा झाला. मी म्हणालो, अण्णा, पेटीत एखादं बारीकसं भोक असण्याची शक्यता आहे. अण्णा म्हणाले, "कशाने पडलं?" मी म्हणालो, पडलं असावं. त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. मग मी सगळं सांगितलं. तीस मिलिमीटर, सतरा मिलिमीटर, आतला भाता. सा शिकत नव्हतो तेही सांगितलं.
अण्णा बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत बसले. मूठ मिटली, उघडली. म्हणाले, "म्हणजे हाताला काही झालेलं नाही?"
मी म्हणालो, काही नाही अण्णा.
"मला वाटलं संपलं आता," असं म्हणून ते हसले आणि चष्मा पुसायला घेतला. पुसायला फार वेळ लागला. मी खिडकीबाहेर बघत होतो. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

१३ एप्रिल, रविवार
अण्णांना आणि पेटीला घेऊन वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने खालची फळी काढून आतल्या भात्यामागे बल्ब धरला. मी अण्णांना एक भोक सांगितलं होतं. उजेड एकोणीस ठिकाणांहून आला. दुकानदाराने हाक मारून आतून आपल्या बायकोला बोलावलं, हे बघ म्हणून.
मग त्याने विचारलं, "कुणाकडून करून घेतलंत हे?"
अण्णा म्हणाले, "होता एक सुतार."
"त्याला परत हात लावू देऊ नका."
"छे, छे," अण्णा म्हणाले.
कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, हल्ली चांगले कारागीर मिळतच नाहीत.
अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रिक्षा मिळेपर्यंत माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिले. बसताना मात्र सरकून जागा करून दिली.