मलंगगडवाला टायर

३ नोव्हेंबर, सोमवार
सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या बायकोने आज विचारलंच. "ताई, तुम्ही गाडी भाड्याने चालवता का?" तिचं काय चुकलं? दहा महिने डोंबिवलीभर हेच दृश्य आहे: मी पुढे, नवरा मागे. श्रीरंगला विचारलं की म्हणतो, "मागे पाय पसरता येतात." साडेपाच फुटांचा माणूस, पसरून पसरून पसरणार किती!
जानेवारीपासूनचं हे. लेकीच्या, मुक्ताच्या शाळेकडून, कुल्लूच्या बाजूने, सकाळी लवकर खाली उतरत होतो. एका सावलीतल्या वळणावर गाडीची पकड सुटली. बर्फ नाही, पाणी नाही, कोरडा ठणठणीत रस्ता. आडवे घसरत गेलो आणि कठड्याच्या हातभर अलीकडे थांबलो. खरचटलंसुद्धा नाही. श्री. उतरला आणि पुढच्या गावापर्यंत चालत गेला. मी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागून.
डिसेंबरअखेर पुन्हा लेकीकडे जायचंय. तो म्हणतो विमानाने. मी म्हणते गाडीने, आणि तू पुढे, माझ्या शेजारी. त्यासाठी टायर बदलणार. ठरलं.

६ नोव्हें., गुरु.
वागळे इस्टेटच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं रबराचा कडकपणा मोजतेय. गास्केटं, बुश, नळ्या. स्वतःच्या गाडीच्या टायरचा कधी विचार केला नाही. दिव्याखाली अंधार.
आपले टायर उन्हाळी परफॉर्मन्सवाले. ठाण्याच्या उकाड्यात रस्त्याला घट्ट धरतात. पण पारा सातच्या खाली गेला की ते रबर कडक पडतं, थंडीत खोबरेल थिजतं तसं. मग पकड कुठली!
घरी आल्या आल्या श्री.ला सांगितलं. तो क्लासच्या मुलांचे गणिताचे पेपर तपासत होता. "हं." जरा वेळाने, मान खालीच: "म्हणजे सगळा दोष रबराचा?"
म्हटलं, हो, विज्ञान आहे ते. एवढं हलकं वाटलं की...

८ नोव्हें., शनि.
कोलशेत रोड, पाटीलशेठचं टायरचं दुकान. त्याचे वडील मिठागरावर होते. आता शेठच्या दोन बिल्डिंगा आहेत, पण बसतो त्याच मोडक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर.
"थंडीचा टायर? ताई, आपल्याकं थंडी म्हंजे पंखा एकवर."
तरी एक काढून दाखवला. कडेला 'एम अधिक एस' छापलेलं. "हा घ्या. एम एस म्हंजे मुंबई-सातारा. घाटाला एक नंबर." चेहरा अगदी गंभीर. चिखल आणि बर्फ या इंग्रजी शब्दांची ती अक्षरं, हे सांगितल्यावरही त्याला मुंबई-सातारा जास्त पटत होतं. शिवाय ती अक्षरं कंपनी आपली आपणच छापते. खरी चाचणी पास झालेल्या टायरवर वेगळी खूण असते, तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी. मोबाइलवर फोटो दाखवला. शेठने चष्मा लावला.
"आरं, हा तं मलंगगड!"
आणि खरंच की! आमच्या गच्चीवरून दिसतो तसाच. हसून हसून पोट दुखलं. निघताना शेठ आतल्या कामगाराला ओरडून विचारत होता, "मलंगगडवाला हाय काय रं आपल्याकं?"
भंगारातल्या दोन टायरांचे तुकडे कापून मागून आणले. एक उन्हाळी, एक मलंगगड (यापुढे म.ग.).

११ नोव्हें.
दोन्ही तुकडे कालपासून फ्रीजरमध्ये, फॉइलमध्ये गुंडाळून, खवलेल्या नारळाशेजारी. आज श्री. स्वयंपाक करत होता. "वसू, हे काय आहे? किती शिट्ट्या करायच्या?"
लॅबमधलं मीटर आणलेलं. उन्हाळी तुकडा चांगलाच कडक झालेला, म.ग. बराच मऊ राहिलेला. आकड्यांवर बोलण्यापेक्षा म्हटलं, तूच नख दाबून बघ. त्याने दोन्हींवर दाबलं, पुन्हा दाबलं. "फरक आहे," म्हणाला.
दहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या बाजूने काहीतरी! उद्या भरली वांगी.

१५ नोव्हें.
आठवडाभर डोक्यात टायरच. पक्के हिवाळी घेतले तर वर उत्तम, पण ठाण्याच्या तापल्या डांबरावर भराभर झिजणार, आणि वर पोचेपर्यंत तीन दिवस सपाटीच. पुन्हा उन्हाळी तर नाहीच. उरले बारमाही म.ग. आपल्या मापात एकच मिळतो, तोही मागवावा लागेल. त्याचंही रडगाणं आहे. उन्हात ब्रेक जरा लांब लागतो, स्टिअरिंग वळवलं की गाडी अर्धा क्षण विचार करते. ही गाडी मी त्या स्टिअरिंगसाठी घेतलेली. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. पण शेजारच्या सीटवर माणूस हवाय मला.
शेठचा फोन. "पुढं दोनच घाला ताई, पुढचीच चाकं गाडी खेचतात." म्हटलं नको, मग पुढचं धरून राहील आणि मागचं घसरेल. "मंग चारी मलंगगड," शेठ म्हणाला. ऑर्डर दिली.

२९ नोव्हें., शनि.
टायर बसले. शेठने चारही चाकांखाली लिंबं ठेवायला लावली, नारळ फोडला. श्री. पण आलेला. प्रसाद खात खात शेठने जुन्या टायरांवरून हात फिरवला.
"ह्यांना काय झालंय वो? मधी नक्षी अजून भरपूर. नुसत्या कडा खाल्ल्यात. गाडी कोन चालवतं?"
"मी."
"वळनावर लई दामटता ताई तुमी."
श्री. चिरडलेल्या लिंबांकडे बघत राहिला. मी हसले, उगीच. घरी येताना तो मागेच बसला. गाडी मात्र लोण्यासारखी चालते.

७ डिसें., रवि.
माळशेज. टायर थंडीत बघायचे म्हणून पहाटे निघालो, मुरबाडवरून. श्री. आला, मागच्या सीटवर. घाटात धुकं, दरी दिसत नव्हती, हवा इतकी सुंदर! एका वळणावर मागून आवाज आला. "आत्ता किती?"
"बारा डिग्री."
"स्पीड विचारतोय."
"अडतीस."
पुढचं वळण गेलं. "आणि त्या दिवशी?"
माझ्या तोंडून निघालं, "तीन डिग्री."
"वसू."
मग मी म्हटलं, "साठ."
"बहात्तर. शेजारीच होतो मी. काटा मलाही दिसतो."
गाडी कडेला घेतली. रबर थंडीत कडक होतं हे खरंच आहे, फ्रीजरमधून काढून त्याच्या हातात दिलेलं. पण त्या रबराला त्या वळणावर बहात्तरने नेलं मी. सावली दिसलेली. तो "हळू" म्हणालेला, तेही ऐकलेलं. महिनाभर मी टायरलाच बोल लावला, कारण बिचाऱ्या टायरला उलट बोलता येत नाही.
"चुकलं माझं. तुला घाबरवलं," म्हटलं. रडूही आलं थोडं.
तो खूप वेळ काचेवरचं धुकं पुसत होता. आतून. मग म्हणाला, "टायर चांगले आहेत." वर जाऊन गरम भजी खाल्ली. उतरतानाही तो मागेच.

१० डिसें.
घरात हसणं-बोलणं छान चाललंय. विमानाची तिकिटं काढलेली नाहीत. त्याबद्दल तो बोलत नाही, मीही नाही. मुक्ताने फोनवर विचारलं, "बाबा नक्की कसे येतायत?" म्हटलं, तुझ्या बाबांनाच विचार.

२४ डिसें., बुध., सकाळी सात
निघतोय. गाडीने. काल रात्रीच तो म्हणाला, "बॅगा डिकीत ठेवतो." बस, एवढंच. हवा तपासली, लेकीचे लाडू घेतले, गॅस बंद.
खिडकीतून खाली दिसतोय. मुक्ताशी फोनवर बोलतोय, मफलर आत्तापासूनच गुंडाळलाय. गाडीची पुढची-मागची दोन्ही दारं उघडी. तो दोन्हींच्या मधे उभा.
कुठे बसणार ते विचारणार नाही. विचारलं तर माझं मन राखायला पुढे बसेल, आणि मला तसं नकोय. जाते खाली.