बिल्ड लागलंय, उठू नकोस

शनिवार, १३ सप्टेंबर

मेलं! तीन तास बसले आणि ८७ टक्क्यांवर मेलं. पडद्यावर इंग्रजीत एकच शब्द — 'किल्ड'. पावणेदहाला लेकीच्या लॅपटॉपवर ते बिल्ड लावलं होतं. मधे दोनदाच उठले. एकदा दूध उतू चाललं म्हणून, एकदा दारात भाजीवाली आली म्हणून. दर्शूला मुरगूडला फोन केला. म्हणाली, "आई, वरच्या बाणाची कळ दाब, मग एंटर. परत लागेल." दाबली. लागलं. चार वाजता परत मेलं.

दहावीला इंग्रजीत एकोणचाळीस मार्क होते मला. त्यानंतर त्या भाषेशी संबंध आला तो हा असा.

रविवार, १४ सप्टेंबर

आज पोर घरी. म्हटलं, नुसतं बाण दाब म्हणू नकोस, काय चाललंय ते नीट सांग.

मुरगूडच्या दूध संस्थेला मोबाइलवर ॲप पाहिजे. सकाळ-संध्याकाळ कोणी किती दूध घातलं, फॅट किती लागली, ते ज्याचं त्याला मोबाइलवर दिसावं. दर्शूनं ते काम घेतलंय. दसऱ्याला संस्थेची सभा आहे, तिथं दाखवायचं. पसंत पडलं तर वर्षभराचं काम. म्हणून ती रोज पहाटेच्या एसटीनं मुरगूडला जाते, दूध मोजायच्या काट्याजवळ उभी राहून सगळं बघून घेते. आणि इथं यंत्रापाशी मी!

ॲप शून्यातून कोणी करत नाही म्हणे. तयार सांगाडा मिळतो, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. त्यावर आपलं चढवायचं. पण सांगाडाच इतका जड की दणकट यंत्र लागतं. हिच्याकडं कॉलेजातला जुना लॅपटॉप, चार जीबीचा. नवा गडहिंग्लजला सासरी राहिला. मग हिनं जुन्यातलं विंडोज काढून हलकं लिनक्स घातलं. नुसता काळा पडदा, चित्र नाही, रंग नाही. जेवढी जागा वाचेल तेवढी सांगाड्याला.

म्हटलं, "म्हणजे उसाची ट्रॉली मोपेडला जोडायची."

हसली. आखाडात माहेरी आल्यापासून पहिल्यांदा हसली.

लिहिलेल्या सगळ्याची मिळून शेवटी एक फाइल तयार होते, त्याला बिल्ड म्हणायचं. बॅटरी गेलेली, वायर सैल. जरा धक्का लागला की सगळं बंद. झाकण मिटलं की झोपतं. म्हणून कोणीतरी जवळ बसायचं. फाइल झालीच तर ती मोबाइलवर घेऊन तिला पाठवायची, हेही मीच.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दोनदा लावलं. दोनदा मेलं. ८७ आणि ८६.

गुरुवार, १८ सप्टेंबर

शेजारच्या बयाबाई विरजण मागायला आल्या. विरजण निमित्त! डोळे सगळे खोलीकडं. "लेक दिसत न्हाय? गेली काय सासरला?" म्हटलं, मुरगूडला गेलीय कामाला. तर म्हणतात, "आखाडात आल्याली पोर, दसरा आला तरी हितंच! तुमच्यात आखाड लई लांबला की गं!"

मी हसले. काय करणार? नवी सून आखाडात माहेरी येते, महिन्यानं परत जाते. ही आली आणि राहिली. काही सांगतही नाही. "मला काम करू देत नाहीत" एवढंच. ह्यांनी जावईबापूंना, आदर्शरावांना, शब्द दिलाय — दसऱ्याला या, सोनं देऊ, घेऊन जा. दर्शू म्हणते, हातात स्वतःचं काम असलं तर मला कोणी ढकलू शकणार नाही.

मलाही वाटतं तिनं जावं. इथं लिहायला काय, इथं कोण वाचतंय! लोकांना तोंड मला द्यावं लागतं. मग मी रोज तो बाण का दाबते? हातात घेतलेलं काम टाकवत नाही, एवढंच असेल.

शनिवार, २० सप्टेंबर

घरखर्चाच्या वहीत मागच्या पानांवर मी बिल्डची नोंद ठेवते. किती वाजता लावलं, किती टक्क्यांवर मेलं, तेव्हा पडद्यावर काय होतं. वाण्याच्या खात्यासारखं. आज ती पानं उघडून बसले आणि एक दिसलं. पडद्याच्या खालच्या अंगाला ओळी हलत असतात. कधी एक, कधी दोन. मरतं तेव्हा दर वेळी चार हलत असतात. अकरा वेळा मेलं, अकराही वेळा चार!

दर्शू आली तसं पायही धुवू दिले नाहीत, आधी वही दाखवली. ती ओळीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "चार कामं एकदम करायला बघतंय ते."

"एका शेगडीवर चार भांडी कशी बसतील? एकेक ठेवायला सांग की त्याला."

"वेळ लागेल दीडपट."

"लागू दे. कच्चं तर राहणार नाही."

तिनं काहीतरी दोन ओळी लिहिल्या. "आई, कॉलेजातसुद्धा असली नोंद कोणी ठेवत नव्हतं गं."

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. पितरांच्या नावानं वाडी ठेवली, कावळा लगेच शिवला. यंत्र सकाळी साडेसहाला लावलेलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी हिरव्या अक्षरांत आलं — झालं! शंभर टक्के!

आज रविवार असूनही दर्शू मुरगूडला गेली होती. फाइल पाठवली. अर्ध्या तासानं फोन. संस्थेचे सचिव हंबीरराव मागून ओरडत होते, मला इकडं ऐकू येत होतं — "आयला, नाव दिसतंय की माझं! पर ताई, ही फॅट माझ्या म्हशीची न्हाय. माझी म्हस येवढी गुणाची न्हाय!" दर्शूनं आकडे उलटे टाकले होते. दुरुस्त करावं लागणार. म्हणजे परत बिल्ड.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. नंदादीप लावला. नऊ दिवस विझू द्यायचा नाही, घराला कुलूप लावायचं नाही. यंदा दोन दिवे — एक देवापुढं, एक खोलीत. दोन्हीपाशी मीच.

लग्न होऊन आले तेव्हापासून नवरात्रात एक दिवस चुकवला नाही. अनवाणी जायचं, अंबाबाईचं तोंड बघून यायचं. दर वर्षी हे तासभर दिव्याजवळ बसतात. यंदा म्हणाले, "दिव्यापाशी बसतो. त्या पेटीपाशी न्हाय बसणार."

गेले नाही. घरातूनच हात जोडले. रस्त्यानं बायका चालल्या होत्या, पैंजणांचा आवाज. मी ४१ टक्क्यांवर.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज माझ्या हातून फार वाईट झालं.

संध्याकाळी सवाष्णींना हळदीकुंकवाला बोलावलं होतं. बरोबर पोरंटोरं येणार, धुडगूस घालणार, वायरीला धक्का लागणार. दर्शू दुपारच्या गाडीनं आली होती, दमून यंत्राशेजारी सतरंजीवर झोपली होती. बिल्ड ७३ वर. तिची झोप मोडू नये आणि पोरं आत जाऊ नयेत म्हणून मी दार ओढून बाहेरून कडी लावली. एवढंच केलं. आपण घरात नेहमी करतो तसं.

बायका बसल्या, ओटी भरत होते, आणि आतून दार धडाडा वाजायला लागलं. "उघडा! उघडा की! मी करत न्हाय काय, उघडा!" आवाज माझ्या पोरीचा नव्हताच. हातातला करंडा पडला. धावत जाऊन कडी काढली. ती दाराशी बसलेली, घामानं चिंब. माझ्याकडं बघत होती आणि मी तिला दिसत नव्हते. वायर निघालेली. पडदा काळा.

बायका उठून गेल्या. बयाबाईसुद्धा खोलीकडं न बघता गेल्या.

मग सांगितलं तिनं. आदर्श कामावर जाताना बाहेरून कडी लावून जायचा. सासूबाई शेतावर. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. पाण्याची कळशी आत ठेवायचा, आठवणीनं. कॉम्प्युटरवर बसून कोणाकोणाशी बोलतेस म्हणायचा. चार महिने!

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय, तू परत जा म्हणाली असतीस."

म्हणाले असते. खरंच म्हणाले असते.

शनिवार, २७ सप्टेंबर

ह्यांना सांगितलं. हातातल्या पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "तापट हाय जरा. पोरबाळ झालं की निवळतंय. आनि मी शब्द दिलाय." पुढं म्हणतात, "मी तुला कधी काय केलंय का?"

नाही केलं. कडी कधी लावली नाही. लावावी लागलीच नाही. तीस वर्षांत एकटी म्हणून मी देवळापलीकडं गेले नाही.

यंत्र सकाळीच परत लावलं.

सोमवार, २९ सप्टेंबर

लाइट तीनदा गेली. काही झालं नाही. म्हणजे बिल्ड झालं नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. शेवटचं बिल्ड, सभेत दाखवायचं ते. सहीशिक्क्याचं असतं म्हणे, सगळ्यांत जास्त वेळ खातं. पहाटे सहाला लावून दर्शू मुरगूडला गेली.

ह्यांनी पाट मांडला. फौंड्रीत चाळीस वर्षं काढली, खंडेनवमीला ह्यांच्याइतकं कडक कोणी नाही. हातोडी, पाने, स्कूटरची किल्ली, माझी विळी, शिवणयंत्र, मिक्सर. पूजेला बसलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. मग हाक मारली, "ती पेटी बी आण."

"चालू आहे ते."

"आजचा दिवस हत्याराला इसावा असतो. तूच सांगत आलीस न्हवं? गेल्या साली कोयता उचलला तर माझ्या अंगावर आलतीस!"

खरं आहे. मीच ते. ६१ टक्के झाले होते. थांबवलं तर परत सहा तास, आणि सभा उद्या सकाळी.

ताम्हन घेतलं आणि खोलीत गेले. झाकण न मिटता पडद्याच्या पाठीला हळदकुंकू लावलं. अक्षता यंत्रात जातील म्हणून टाकल्या नाहीत. एक झेंडू शेजारी ठेवला. ओवाळलं. पंखा घरघरत होता, ओळ हलत होती.

हे दारात. "चालत्या यंत्राची पूजा? येडी झालीस काय?"

म्हटलं, "पाप लागलं तर माझं. तुमच्या खात्यावर नाही टाकत."

असं मी ह्यांना कधी बोलले नव्हते. ते बघत उभे राहिले, मग गेले. मी खाली बसले. यंत्राला नाही, देवीला म्हटलं — तू उभी आहेस नऊ दिवस, तुला तरी कुठं विसावा आहे?

बाराला दहा कमी असताना झालं. पाठवलं. मग स्वयंपाकाला लागले. विळी पाटावर होती. गवार हातानं मोडली.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सभेत पसंत पडलं! हंबीररावांनी नारळ दिला, वर्षभराचं काम पक्कं. संस्थेच्या माडीवरची खोली रिकामी आहे, बसायला वापरा म्हणाले. दुपारी दर्शू आली ती उड्या मारतच. मी तिच्या तोंडात पेढा घातला. मला वाटलं सुटलो.

संध्याकाळी आदर्शराव आले. सोनं दिलं, पाया पडले, चहा घेतला. चांगलं बोलतात, कोणालाही आवडतील. ह्यांनी मोठ्या तोंडानं सांगितलं, पोरीनं ॲप केलंय, संस्थेनं घेतलंय.

तर म्हणतात, "मग झ्याकच की! घरात बसूनच करायचं काम हाय न्हवं? आमच्यात करू दे की. खोली हाय, पंखा हाय, नवा लॅपटॉप हाय. तिला कोन उठवायला बी जायाचं न्हाय!"

ह्यांचा चेहरा उजळला. "बघ! निघाला की न्हाय मार्ग? काम कुठनंबी करता येतंय."

दर्शू हातातली आपट्याची पानं दुमडत होती, दुमडून दुमडून एवढीशी केली. एवढं सगळं ज्याच्यासाठी केलं, तेच उचलून तिला बांधायला घेतलं ह्या दोघांनी! माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन!

कपबश्या गोळा करत होते मी. ट्रे खाली ठेवला. विचारलं, "कुठनंबी येतंय म्हणता, मग मुरगूडातनं येतंय का?"

आदर्शराव ह्यांच्याकडं बघायला लागले.

"तिथं माडी रिकामी आहे. एकटी नको, मी जाते बरोबर."

रविवार, ५ ऑक्टोबर. मुरगूड

खाली दुधाच्या घागरी वाजतायत. यंत्र लावलंय, ३४ टक्के. शेगडी उद्या येईल, आज चुरमुऱ्यांवर भागवलं.

ह्यांचा फोन आला. "परत कधी?" एवढंच. दर्शूचंच विचारत असणार म्हणून फोन तिच्याकडं दिला. तिनं ऐकलं आणि परत माझ्या हातात ठेवला.

"आई, तुझं विचारतायत."