शेवटच्या गल्लीचं पाणी

सोमवार, ३ मार्च

शेवटच्या गल्लीतून आजही फोन नाही!

पाणी खात्याच्या तक्रारींच्या टेबलावर माझा जन्म गेला. पाणी आलं नाही, पाणी गढूळ आलं, धार करंगळीएवढी आली — कुठली गल्ली कधी रडणार हे मला फोन उचलण्याआधीच कळतं. शेवटची गल्ली म्हणजे लाइनीचं शेपूट, टाकीपासून सगळ्यात लांब. तिथली माणसं पूर्वी रोज भांडायची. आणि या हिवाळ्यापासून एकदम चिडीचूप! नळाला म्हणे भरभरून पाणी.

त्या बाजूचे व्हॉल्व्ह कोण फिरवतं? आमचे हे. आणि त्या गल्लीत दुकान कुणाचं? शिवणवालीचं. पाणी कुठेतरी मुरतंय, नक्की!

गुरुवार, ६ मार्च

सकाळी विचारलं, डबा भरू का? उत्तर नाही. परत विचारलं. ह्यांचं डोकं पेपरात. शेवटी डबा पुढ्यात आदळला तेव्हा दचकून म्हणतात, "काय झालं?" काय झालं म्हणे!

माझा आवाज बारीक. लहानपणापासून घरचे पिपाणी म्हणायचे, लग्नानंतर हेही म्हणायला लागले, पण लाडानं. जमिनीखाली पाइप गळत असला की बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येतो. लोखंडी दांडीचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसऱ्याला कान लावायचा, की गळती कळते. ह्यांचा त्यात हातखंडा. म्हणायचे, "गळका पाइप आणि माझी बायको, दोघांचा आवाज मी कुठूनही ओळखतो." मी रागावल्याचं सोंग करायचे. आता कंटाळा आला असेल पिपाणीचा.

आणि त्या बाईचा आवाज? घोगरा! पडद्याआड बोलली तर पुरुष वाटावा. परवा तिच्या दुकानावरून गेले तर हे बाहेर पाठमोरे उभे. तिनं आतून काहीतरी म्हटलं, आणि हे लगेच वळून हसले. एका हाकेत!

शुक्रवार, ७ मार्च

तिच्याकडे शिवायला टाकलेले उशीचे अभ्रे कापडासकट परत आणले. उघड्या उशांवर झोपू.

मंगळवार, ११ मार्च

या डोळ्यांनी पाहिलं.

दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून घरातून लवकर निघाले आणि गेले ह्यांच्या मागावर. शाळेच्या भिंतीलगत व्हॉल्व्हचं झाकण उघडलेलं. हे दांडी धरून उभे, आणि ती वाकून दांडीला कान लावून, डोळे मिटून! हे तिच्या तोंडाकडे टक लावून बघतायत. माझ्याकडे असं लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मग तिनं नाही म्हणून मान हलवली, ह्यांनी झाकण लावलं, आणि दोघं पुढच्या व्हॉल्व्हकडे निघाले. दुकानाला कुलूप लावून बाई ह्यांच्याबरोबर गावभर हिंडते!

ती दांडी मी एकदा हातात घेतली होती. तेव्हा म्हणाले होते, "ठेव, खेळणं नाही ते." आज ती तिच्या कानाला!

नुसती अंगाची लाही लाही. ऑफिसात पोचल्यावर पहिल्या तीन तक्रारी मी चुकीच्या गल्लीच्या नावावर लिहिल्या.

बुधवार, १२ मार्च

साहेबांना भेटले. सहज बोलल्यासारखं केलं — किती वर्षं तीच बाजू, दवाखान्यासमोरची मोठी लाइन द्या की ह्यांना. साहेब खूश. असा कान खात्यात दुसऱ्या कुणाचा नाही, म्हणाले, मोठ्या लाइनीवरच हवा. दुपारपर्यंत हुकूम निघालासुद्धा.

संध्याकाळी हे आले ते चेहरा पाडून. ताट समोर, हात मांडीवर. ही बदली कुणी सुचवली असेल, असं एकदा विचारलं. मी भांडी लावता लावता म्हटलं, मला काय माहीत. ऐकलंच नाही त्यांनी. जेवलेही नाहीत. विरह!

मला बरं वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

शनिवार, १५ मार्च

शेवटच्या गल्लीतून फोन आला! धार बारीक झाली म्हणे. मी गोड आवाजात तक्रार लिहून घेतली.

सोमवार, १७ मार्च

दवाखान्यासमोरचा रस्ता खचला. मोठी लाइन फुटली. वॉर्डात पाण्याचा थेंब नाही, ऑपरेशनं पुढे ढकलली, दिवसभर टँकर आणि दिवसभर फोन. आणि तिथली लाइन शनिवारीच ह्यांनी तपासली होती. गळती नाही, असं साहेबांना सांगितलं होतं! दवाखान्याचा वॉचमन म्हणतो, आम्हाला तर नुसतं उभं राहिलं तरी पायाखाली सूं सूं ऐकू येत होतं.

साहेब सगळ्यांसमोर ओरडले. हे साहेबांच्या तोंडाकडे बघत राहिले. तसंच, टक लावून.

दुपारी शिवणवाली माझ्या टेबलापाशी आली. वाटलं, आली पाणी मागायला. न विचारताच बसली आणि हळू बोलायला लागली. तिचं हळू म्हणजे अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असं.

"वहिनी, तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. त्यांना बारीक आवाज ऐकूच येत नाहीत आता. साहेबांना कळलं तर कामावरून काढतील म्हणून मी ऐकायचे आणि सांगायचे. त्यांना कान हवा होता, मला पाणी. दुसरं काही नाही."

वाटेतल्या गळत्या बंद झाल्या की शेपटाला पाणी पोचतं. तक्रारींच्या टेबलावर जन्म काढून हे मला कळू नये!

ती गेल्यावरही मी तिच्यावर जळतच होते. तिला सांगितलं. मला नाही.

मंगळवार, १८ मार्च

ह्यांना समोर बसवलं. तोंड मोठं उघडून, सावकाश विचारलं — मला का नाही सांगितलं?

बराच वेळ माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाइपाचा आवाज नंतर गेला गं. आधी तुझा गेला. ते तुला कसं सांगणार?"