होडीत कोण?

५ मार्च १८६१
आलो एकदाचा! फोर्ट टॉलिव्हर म्हणजे कॅरोलिनाच्या खाडीच्या तोंडावर ठेवलेला विटांचा डबा. चहूकडे पाणी, समोर शहर. हाताखाली एकसष्ट माणसं आणि सार्जंट डूलन, ढेरपोट्या आयरिश. त्याने आल्याआल्याच सांगितलं, "कॅप्टनसाहेब, इथं दोनच गोष्टी बऱ्या, खेकडे आणि हवा. बाईसाहेबांना आणलं नाहीत, झकास केलंत!" हसून पुरेवाट झाली. कॅरोलिना राज्य देशातून फुटून निघालंय आणि पलीकडच्या वाळूत त्यांच्या तोफा बसताहेत हे खरं. पण माझी सासुरवाडी याच किनाऱ्यावरची. ओळखीपाळखीची माणसं एकमेकांवर गोळे टाकतील असं मला नाही वाटत.

इथली एक रीत आवडली. होडी दिसली की धक्क्यावरचा पहारेकरी ओरडतो, "होडीत कोण?" किल्ल्याची होडी असेल तर उत्तर येतं, "आपलीच माणसं!" मग दार उघडतात.

९ मार्च
वॉशिंग्टनहून हुकूम आला. किल्ला सोडू नका, पहिला गोळा टाकू नका, बाकी तुमच्या विवेकावर सोपवतो. वा रे वा! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, आणि विवेक म्हणे माझा! कोठारात पीठ जेमतेम पंचवीस दिवसांचं. भाजी-मटण शहरातून बाजाराच्या होडीने येतं, म्हणजे ज्यांच्याशी वैर त्यांच्याच मेहेरबानीवर जेवायचं.

१४ मार्च
दुपारी एक होडी "आपलीच माणसं!" म्हणत आली. दार उघडलं तर होडीत क्वॉश. शहरातला गुलाम नावाडी. दहा वर्षं त्याने गवंड्यांना इथे आणलं-नेलं, म्हणून उत्तर तोंडपाठ. सोबत त्याची लेक बायना, डोक्याला पिवळा रुमाल, आणि जावई. मालक बायनाला मिसिसिपीकडे विकणार होता. क्वॉश म्हणाला, साहेब, तुमचा झेंडा बघून आलो. मी त्यांना सूप द्यायला सांगितलं आणि खोलीत येऊन बसलो.

१५ मार्च
शहराचा निरोप. आमचे गुलाम परत करा, नाहीतर बाजाराची होडी बंद, आणि लढाईची सुरुवात तुम्ही केलीत असं समजू. पळालेला गुलाम मालकाला परत द्यायचा, असा कायदाही त्यांच्याच बाजूचा. डूलन म्हणाला, "कायदा असेल हो साहेब. पण आपलं उत्तर देऊन आत आलेत ती." त्याला मी खडसावलं. एकसष्ट जीव आणि सगळ्या देशाची लढाई एकीकडे, तिघं एकीकडे.

दिली परत. बायनाने पिवळा रुमाल घट्ट बांधला आणि होडीत जाऊन बसली. म्हाताऱ्याने जाताना टोपी काढून मला सलाम केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ मार्च
बाजाराची होडी आली. ताजं मटण, कोबी. मी दोनदा वाढून घेतलं. लिहितानाही लाज वाटते, पण घेतलं.

२२ मार्च
संध्याकाळी झेंडा उतरवत होतो. पहारेकऱ्याला वल्ह्यांचा आवाज आला, त्याने हाक दिली, उत्तरही आलं. दार उघडलं. धक्क्याला होडी नव्हती. डूलन म्हणतो, पाण्यावरून आवाज लांबचा येतो साहेब.
आवाज म्हाताऱ्याचा होता. मी ओळखला.

२९ मार्च
रोज संध्याकाळी तेच. आज तर हाक दिलीच नव्हती, तरी उत्तर आलं. तीन आवाज. पायऱ्यांवर ओली पावलं, अनवाणी, दारापर्यंत आलेली. परत गेलेली नाहीत.
शिपाई माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

४ एप्रिल
पीठ संपत आलं. शहर म्हणतं, बारा तारखेच्या दुपारपर्यंत किल्ला सोडा. सोडला तर हुकूम मोडतो. नाही सोडला तर लढाई — मग ती तिघं मी कशासाठी दिली?

८ एप्रिल
सांगून टाकलं, कोणी काहीही उत्तर देवो, दार उघडायचं नाही. डूलनने विचारलं, आणि खरंच आपली माणसं आली तर?
मी जाऊन दाराची कडी स्वतः तपासली.

११ एप्रिल
संध्याकाळ. धुकं. "आपलीच माणसं!" — अगदी जवळून — वल्ह्यांसकट —

मी ओरडलो, तिथं कोणी नाही! थांबा, दाखवतोच तुम्हाला! धक्क्यावरच्या लहान तोफेची दोरी मीच ओढली. मी.

लाकूड फुटल्याचा आवाज आला. रिकाम्या पाण्यात लाकूड फुटत नाही.

डूलन खाली गेला. वर आला तेव्हा हातात पिवळा रुमाल. म्हणाला, "पुन्हा पळून आली होती हो साहेब. म्हाताऱ्याच्या पायात तुटकी बेडी होती. जाणार तरी कुठं दुसरीकडं?"

तिघंही —

पहिला गोळा माझा.

पलीकडून तोफा सुरू झाल्या. भिंतीचा चुना या पानावर पडतोय. सगळे वर तटावर गेलेत. धक्क्यावर कोणी नाही, दाराला कडी मीच घातली —

जिन्यावर पावलं. ओली.

डूलन? — नाही, ही अनवाणी —

मी विचारलं, कोण? माझाच आवाज मला ओळखू येईना. उत्तर दाराच्या अलीकडून —

आपली