सहा अष्टमांश

बोलग्यो,
१२ जून २०१८

चि. ग्युसप यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं. खुबे-शिंपल्या वेचायचा हंगाम संपला, माझे गुडघे मात्र अजून खाडीच्या चिखलातच आहेत. तुझा रक्तदाब कसा आहे? मी पाठवलेली किमची खारट झाली असेल तर बेतानं खा.

एप्रिलमध्ये मी प्राथमिकच्या परीक्षेला बसले होते. मोठ्या माणसांसाठी असते ती. नापास झाले, म्हणून कळवलं नाही. पाच गुण कमी पडले, म्हणजे एकच प्रश्न. माझं उत्तर आलं सहा अष्टमांश. खाली चार पर्याय, आणि त्यांत सहा अष्टमांश नाहीच! म्हटलं, पेपर काढणाराच चुकलाय. रागारागानं प्रश्न कोरा सोडला.

आमच्या प्रौढ वर्गाच्या बाई नातीच्या वयाच्या. ऐकून पोट धरून हसल्या.

"आजी, उत्तर बरोबरच होतं तुमचं! पण खुबे धुताना एका पाण्यावर थांबता का?"

"छे! पाणी नितळ होईपर्यंत धुते."

"मग? वर-खाली दोन्हीला दोनानं भागा बघू."

तीन चतुर्थांश. पुढे भाग जाईना. दुसरा पर्याय तोच होता.

आता रोज जेवणाआधी दहा अपूर्णांक सोडवते. ऑगस्टमध्ये परत बसणार. तू म्हणशील, ताई, या वयात कशाला? चाळीस वर्षं गणित शिकवलंस आणि हे मला विचारतोस?

ताईचं डोकं चालत नव्हतं म्हणून शाळा सुटली, असं तुला लहानपणापासून वाटतं. बाबा म्हणाले होते, दोघांपैकी एकालाच शाळेत पाठवता येईल. मीच म्हटलं, मला शाळा आवडत नाही. फळ्यावर पहिला अपूर्णांक आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चिखलात उतरले. खोटं बोलले होते मी. आवडायची मला शाळा, ग्युसप. फार आवडायची.

तुझ्या थोरलीच्या लग्नात तू व्याह्यांना सांगितलंस, "आमची ताई हायस्कूल शिकलेली." त्यांनी विचारलं, कुठल्या शाळेत? मी वाटीतल्या शेवया तशाच टाकून उठले. दोन वर्षं तुझे फोन घेतले नाहीत, ते त्यापायीच.

ऑक्टोबरात धाकटीच्या लग्नाला मी येणार. ओळख करून देताना 'प्राथमिक पास' म्हण. परत नापास झाले, तर 'नापास झाली, पुन्हा बसतेय' म्हण. त्याहून जास्त एक शब्द नको.

चौथीच्या वर्गातून उठून गेलेली आणि आता परत येऊन बसलेली,
तुझी ताई
पिलसुन