चार नाही, चौदा वर्षं

प्रिय सुजाता,

फोनवर मला काही कळत नाही आणि मोबाइलवर बोटं चालत नाहीत, म्हणून कागद घेतला. तुझी आई आपल्या कॅम्प-१ वस्तीच्या बाजारात गेली आहे, ती येण्याआधी हे लिहून व्हायला हवं. गुरुवारच्या ऑपरेशनचे कागद तू रायपूरहून पाठवलेस, ते मिळाले. एका ठिकाणी चूक आहे. ऐकू कधीपासून येत नाही, तिथे तू चार वर्षं लिहिलं आहेस. चौदा लिही.

डॉक्टरीणबाईंनी मला चित्र काढून समजावलं. कानात खोल गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात पाणी आणि हजारो बारीक केस. आवाजानं पाणी हललं की केस लवतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेला खबर लागते. शंखाच्या तोंडाशी बारीक आवाजांचे केस, आत जाड आवाजांचे. हथखोजच्या कारखान्यात मी वीस वर्षं घणाच्या मशीनसमोर उभा राहिलो, त्यात तोंडाशी असलेले केस आधी मेले. ते पुन्हा उगवत नाहीत. म्हणून मला घण ऐकू यायचा आणि तुझं बोलणं नाही. आता शंखात तार घालतील, आणि कानामागचं यंत्र आवाज पकडून त्या तारेतून थेट नसेलाच करंट देईल. नस किती वर्षं रिकामी बसली आहे यावर पुष्कळ अवलंबून, असं बाईंनी लिहून दाखवलं. तेव्हाही मी नुसती मान हलवली.

कारखान्यात दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसायचं, सूर ऐकू आला की बटन दाबायचं. नापास झालेल्याला मशीनवरून काढून गेटवर बसवत, आणि मला त्याची लाज वाटायची. माझ्यासोबत कारखान्यात असलेला तुझा धम्मपालकाका म्हणाला, "कावून भेतं बे? मी बाहीर डोकं खाजवतो, तू बटन दाबजो." तपासणाऱ्याच्या मशीनवर दिवा लागला की हा डोकं खाजवायचा. असा दहा वर्षं पास झालो. चार वर्षांपूर्वी तो रिटायर झाला, मी पुढच्याच तपासणीत पडलो, आणि तेव्हा कुठे तुम्हाला कळलं. तोवर घरात ओठ वाचून आणि मान हलवून निभावलं. फार थकलो गं त्यानं.

सहा वर्षांपूर्वी, तुझ्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, मी अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत होतो. तू येऊन उभी राहिलीस. ऊन तुझ्या पाठीमागे होतं, ओठ दिसले नाहीत. तू बराच वेळ बोललीस, मग थांबून माझ्याकडे बघत राहिलीस. मी मान हलवली, हसलोही. मला वाटलं चहाचं विचारत असशील. चार वर्षांनी तू बॅग घेऊन परत आलीस, पण मला एका शब्दानं बोलली नाहीस. मागच्या महिन्यात तुझ्या आईनं पाटीवर लिहिलं, "पोरीनं तुमाले विचारलं होतं, बाबा, हे लग्न केलंच पाहिजे का. तुमी हो कावून म्हटलं?"

सुजाता, मी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर नको करू म्हटलं असतं. ऑपरेशननंतर तीनेक आठवड्यांनी यंत्र सुरू करतील, पहिल्यांदा माणसांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे लागतात म्हणे. त्या दिवशी समोर बस आणि तेच पुन्हा विचार. कळलं तर उत्तर देईन. नाही कळलं तर मान हलवणार नाही, परत विचार म्हणेन.

तुझाच, न ऐकता हो म्हणालेला,
बाबा